उतारावरचा उतारा

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. त्याला ठेच लागली, तर तो आधी 'ठेच' या शब्दाचा विचार करतो आणि मग अंगठ्याचा. ही खोड मलाही आहे. गेली वीस वर्षे एका महाविद्यालयात मुलांना मराठी शिकवीत असल्यामुळे ती आता सुटण्यासारखीही नाही.

'उतार' हाच शब्द घ्या. केवढा कुलीन शब्द! तापाला उतार पडला, की घरदार सुटकेचा निःश्वास टाकते. नदीला उतार मिळाला, की वाटसरू पायी पलीकडे जातो. विषावर उतारा असतो. नजर लागली, तर मीठमोहऱ्यांचा उतारा असतो. परीक्षेत न वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न असतात, आणि शेतकऱ्याचा जीव सातबाराच्या उताऱ्यात गुंतलेला असतो. उपकार फेडले, की माणूस उतराई होतो. एवढी चांगली भावंडे असलेला हा शब्द. पण तो रस्त्याच्या पुढे येऊन उभा राहिला आणि मी सायकलवर असले, की माझ्या पोटात गोळा उठत असे. थोडीथोडकी नव्हे, चांगली तेहेतीस वर्षे.

चढाचे मला कधीच भय वाटले नाही. चढ हा प्रामाणिक गृहस्थ आहे. तो तोंडावर सांगतो, "दम लागेल, बरं का!" आणि खरोखरच दम लावतो. उताराचे तसे नाही. तो पहिली दहा पावले लाडीगोडीने नेतो आणि मग एकदम मानगूट पकडतो.

ही हकीकत ज्या गावात घडली, त्याचे नाव हिंजवडी. परगावचे लोक 'हिंजेवाडी' म्हणतात, इंग्रजी पाट्याही तसेच लिहितात. गावातल्या माणसाला मात्र 'हिंजवडी' म्हटले, की बरे वाटते. मुळशी तालुक्यातले हे गाव आता साऱ्या देशाला ठाऊक आहे, ते तिथल्या राजीव गांधी आय.टी. पार्कमुळे आणि (खोटे कशाला बोला!) त्या पार्काकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोटारींच्या रांगांमुळे. नव्वदीच्या दशकात या शिवारात साखर कारखाना व्हायचा घाटत होता. तो पुढे कासारसाई-दारुंब्रेच्या बाजूला गेला आणि इथे संगणकांचे पीक आले. उसाचे मळे आणि भाताची खाचरे होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या सातबाराच्या उताऱ्यावर कालपर्यंत पाऊण एकर भात होता, त्यांच्या दारात मोटारी आल्या. काहींच्या आल्या, काहींच्या आल्या तशा गेल्याही.

आमचे हे याच काचेच्या घरांपैकी एकात नोकरीला. रोज पुण्यातून तिथवर जाण्यायेण्यात त्यांचे चार तास मोडू लागले, तेव्हा त्यांनी बिऱ्हाडच तिकडे हलविले. आता पुण्याला यायचे चार तास माझ्या वाट्याला आले. संसारातले प्रश्न सुटत नाहीत, ते फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातात, हे तेव्हा कळले. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर अशी सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो या प्रश्नावर तोडगा म्हणून योजिली गेली. तिच्या खांबांच्या सावलीत मी पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.

आमच्या बाराव्या मजल्याच्या सज्जातून मात्र दुसरी हिंजवडी दिसते. गाव आणि माण मागे टाकून घोटावड्याकडे निघाले, की इमारती विरळ होतात, टेकड्या आडव्या येतात आणि रस्ता एका खिंडीतून पलीकडे उतरतो. पावसाळा सरला, की त्या टेकड्यांवर वाळू लागलेल्या गवताचा एक खरपूस वास येतो. रविवारी पहाटे रंगीबेरंगी टोप घातलेले सायकलस्वार माशांच्या थव्यासारखे त्या बाजूला जाताना दिसत. ते बघून बघून एका संक्रांतीला मी सायकल घेतली.

घरात प्रतिक्रिया संमिश्र होती. हे म्हणाले, "या वयात?" आमची कन्या म्हणाली, "आई, ती पुण्याची वेदांगी कुलकर्णी विसाव्या वर्षी जगाला सायकलनं फेरी मारून आली. २०१८ साली. एकशे एकोणसाठ दिवसांत एकोणतीस हजार किलोमीटर. तू घोटावड्यापर्यंत जायला काय हरकत आहे?" मुलांची उत्तेजन देण्याची पद्धत अशी असते. आपण एकदम खुजे होऊन जातो.

खिंडीपर्यंत मी गेले. एकदा नव्हे, दहादा गेले. चढ धापा टाकीत, पण सायकलवरून न उतरता चढले. आणि माथ्यावर पोचले, की खाली उतरून, सायकल हाताशी धरून, म्हाताऱ्या बैलाला बाजारातून परत आणावे तशी ती चालवीत पलीकडचा उतार पायी उतरले. जग चढावर उतरते, मी उतारावर उतरत होते.

एकदा गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई वाटेत थांबली.

"पंचर झाली का वो बाई?"

"नाही."

"मग चेन तुटली?"

"नाही, नाही. सगळं ठीक आहे."

तिने भारा जरा सावरला, माझ्याकडे आणि सायकलकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "मग चालताय कशापायी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते. पण ते तिला सांगायला मला १९९२ सालापर्यंत मागे जावे लागले असते.

१९९२ साली मी आठवीत होते. तेव्हा पुणे हे सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले होते आणि शाळकरी मुलींच्या सायकलींची रांग हा पुण्यातल्या सकाळचा एक भागच होता. माझ्याकडे निळी लेडीज सायकल होती. तिच्या मागच्या ब्रेकचे रबर झिजून त्याचा नुसता चिप्पा उरला होता. बाबांनी ते बदलून घेण्यासाठी मला पैसे दिले. सायकलवाल्याच्या दुकानाअलीकडे शाळेजवळची हातगाडी होती. त्या पैशांचे मी बोरकूट घेतले. 'बदललं का?' असे बाबांनी विचारले, तेव्हा 'हो' म्हणून सांगितले.

त्यानंतर चार दिवसांनी, नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी, चतुःशृंगीच्या यात्रेचे पाळणे उभे राहताना बघायला मी निघाले. धाकटा भाऊ तिसरीत होता. तो कॅरिअरवर बसला. सेनापती बापट रस्ता टेकडीच्या सोंडेवरून चढतो आणि पलीकडे चतुःशृंगीच्या पायथ्याकडे उतरतो. त्या काळी तिथे आजच्यासारखी रहदारी नव्हती. अर्ध्या उतारावर मी ब्रेक दाबला. लोखंड लोखंडावर घासल्याचा एक आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढचा ब्रेक मी घाबरून मुठीत आवळला. त्यानंतरचे मला एवढेच आठवते, की माझे गुडघे फुटले होते, आणि भाऊ रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत होता. तो रडतही नव्हता. हात कोपरापाशी भलत्याच दिशेला वळला होता.

सहा आठवडे प्लॅस्टर होते. हात बरा झाला, पण कोपर पुरते सरळ झाले नाही. आजही होत नाही. नमस्कार करताना त्याचा डावा हात किंचित वाकडा राहतो. दरवर्षी भाऊबीजेला मी त्याला ओवाळते आणि तो ओवाळणी घालण्यासाठी हात पुढे करतो, तेव्हा माझे लक्ष त्या कोपराकडे जाते. ब्रेकच्या रबराची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. बाबा गेले, त्यांनाही सांगितली नाही.

तर अशी ती भीती. कॉलेजात गेल्यावर बसचा पास काढला, पुढे स्कूटर आली, आणि सायकल सुटली. भीती मात्र सुटली नाही. ती वाट बघत बसली होती. सेनापती बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती मुळशी सत्याग्रहामुळे. धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांसाठी १९२१ साली सुरू झालेला तो लढा. मी पडले सेनापतींच्या नावाच्या रस्त्यावर, आणि इतक्या वर्षांनी उठायची पाळी आली ती त्यांच्याच मुळशीत!

भित्र्या माणसाला आपल्या भीतीचे समर्थन करायला फार आवडते. मी ग्रंथ धुंडाळले, आणि पुरावे भरपूर मिळाले. बोरघाटातली आपली आगगाडीच घ्या. चढताना मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, एवढे आपल्याला माहीत असते. उतरताना मात्र रेल्वे किती सावध असते, ते डब्यात चिक्की खाणाऱ्या उतारूला कळत नाही. घाटात मुख्य मार्गाला फुटून वर चढत जाणारे आडमार्ग केलेले आहेत. गाडी ताब्यात आहे, असे तिने थांबून दाखविल्यावरच तिला पुढचा मार्ग मिळतो. बेफाम सुटली, तर ती आडमार्गावर जाऊन चढावर आपोआप थांबावी, अशी योजना. पुण्याजवळच्या नवले पुलाचा उतार तर वर्तमानपत्रात वारंवार येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरण्याची सवय अशा अपघातांच्या मुळाशी असते, असे पोलीस वरचेवर सांगतात.

आणि तो विम व्हान एस्ट! १९५१ सालच्या टूर द फ्रान्स या शर्यतीत या डच गड्याने आघाडीवीराची पिवळी बंडी मिळविली. ती मिळविणारा तो पहिला डच. दुसऱ्याच दिवशी पिरेनीज पर्वतातला ओबिस्क घाट उतरताना तो वळणावरून थेट दरीत गेला, सुमारे सत्तर मीटर खाली. बरोबरच्या लोकांनी सायकलींचे टायर एकमेकांना बांधून दोर केला आणि त्याला वर ओढून काढले. गडी जवळजवळ धडधाकट होता. पण टायर ताणून असे सैल झाले, की सगळ्या डच संघालाच शर्यत सोडावी लागली. पुढे एका घड्याळाच्या जाहिरातीत तो झळकला. माणूस दरीत पडला, पण घड्याळ चालूच राहिले, अशी ती जाहिरात होती.

हे सारे मी आमच्या इमारतीतल्या आप्पांना मोठ्या उत्साहाने ऐकविले. आप्पांचे वय शहात्तर. पुण्याच्या पेठेत त्यांचे सायकलचे दुकान होते. तासावर सायकली भाड्याने देण्याच्या काळात त्यांनी दुकान चालविले, आणि तो काळ गेल्यावर ते बंद करून मुलाकडे हिंजवडीला आले. तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही ते एकदा उतरले होते. "नंबर विचारू नका," असे ते पहिल्यांदाच सांगून टाकतात.

आप्पांनी माझे सगळे पुरावे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, एक सांगा. आमच्या शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याला जो पहिला पोचतो, त्याला काय म्हणतात?"

"घाटाचा राजा."

"बरोबर. आणि उतरणाऱ्याला?"

मला काही सुचेना.

"काही नाही म्हणत. तुमच्या त्या फ्रान्सातपण चढणाऱ्याला ठिपक्यांची बंडी देतात, उतरणाऱ्याला कसलीच नाही. कारण लोकांना वाटतं, चढायला ताकद लागते आणि उतरायला काही लागत नाही, आपोआप होतं. आपोआप होतं म्हणूनच माणसं पडतात. उतरणंसुद्धा शिकायला लागतं, बाई. तुम्हाला ते कुणी शिकवलंच नाही."

मी बोरकुटाची गोष्ट सांगणार होते; पण जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आयुष्यभर फळ्याच्या अलीकडे उभे राहिल्यावर पलीकडे बसणे किती अवघड असते, ते तेव्हा समजले. आप्पांचा पहिला धडा नजरेचा. "खड्ड्याकडे बघाल, तर खड्ड्यात जाल. जिथं जायचंय तिथं बघा, सायकल आपोआप तिकडं जाते." दुसरा धडा हातांचा. हँडल आवळायचे नाही. कोपरे सैल ठेवायची, म्हणजे रस्त्याचे धक्के कोपरांत मुरतात आणि डोके शांत राहते. तिसरा पायांचा. खडबडीत जागी दोन्ही पायडले एका पातळीत ठेवून बुड सीटवरून किंचित उचलायचे. वळणावर बाहेरच्या बाजूचा पाय खाली, आतल्या बाजूचा वर, नाहीतर पायडल रस्त्याला घासते.

आणि चौथा धडा ब्रेकचा. इथे माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा, कारण ते हिशोबावर आले.

"वेग दुप्पट झाला, की थांबायला जागा किती लागते?"

"दुप्पट."

"चौपट! इथंच लोक फसतात. आणि ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंत एक सेकंद जातो, तो निराळा. ताशी छत्तीसचा वेग असला, तर तेवढ्या एका सेकंदात तुम्ही दहा मीटर पुढं गेलेल्या असता. म्हणून ब्रेक वळणात लावायचा नाही, वळणाच्या आधी लावायचा. वळणात नुसतं वळायचं."

पुढच्या ब्रेकला मी हात लावीत नव्हते. आप्पांनी सायकल उतारावर उभी करून मला समजावून सांगितले, की उतारावर सारा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणजे रस्ता घट्ट धरून ठेवते ते पुढचे चाक, आणि खरा थांबवितो तो पुढचाच ब्रेक. मागचा एकटा आवळला, तर हलके झालेले मागचे चाक अडकून घसरते. पुढचा एकदम आवळला, तर माणूस हँडलवरून उडतो. दोन्ही मिळून, हळूहळू, बुड मागे सरकवून. आणि सतत दाबून धरायचे नाहीत. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. लांब उतारावर रबर घासत राहिले, तर रिम तापून ट्यूब फुटू शकते.

"म्हणजे," मी म्हटले, "ब्रेक सोडायलाही शिकायचं."

"तेच तर शिकायचंय!" आप्पा म्हणाले.

मग त्यांनी पाठ ठरविला. पहिल्या दिवशी खिंडीच्या उताराची फक्त शेवटची पन्नास पावले सायकलवरून उतरायची. बाकीचा उतार पूर्वीप्रमाणे पायी. ते जमले, भीती कंटाळली, की पुढच्या खेपेला शंभर पावले. "पायी उतरलात ते वाया गेलेलं नाही," ते म्हणाले. "या रस्त्याचा एकेक खड्डा तुम्हाला पाठ आहे. त्या टोपवाल्यांना विचारा, एकाला माहीत नसेल." दहा महिने लाज वाटत होती त्या गोष्टीची कोणी अशी किंमत केली, म्हणजे गुरू भेटला असे समजावे.

त्याच चैत्रात हिंजवडीच्या म्हातोबाची यात्रा आली. म्हातोबा हे हिंजवडी आणि वाकड या गावांचे दैवत. हनुमान जयंतीला इथे बगाड निघते. उंच खांबावर आडवे लाकूड, आणि त्याच्या टोकाला पाठीत गळ टोचून घेतलेला गळकरी. बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघते, 'म्हातोबाच्या नावानं चांगभलं'चा गजर होतो आणि भंडारा उधळला जातो. दरवर्षी काचेच्या घरांतली संगणकवाली मंडळीही खिडक्यांतून, रस्त्यांतून ते पाहत असतात. हा नवस कोणाला पटो, न पटो. मला त्या दिवशी गळकऱ्याचा चेहरा दिसला. तो निर्भय वगैरे नव्हता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पण खाली लाकूड धरणारे, वाट मोकळी करणारे, गाडा ओढणारे असे जे शेकडो हात होते, त्या हातांवर त्याचा भरवसा होता. माझ्या लक्षात आले, की मला उताराची भीती नव्हतीच. स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता. या हातांनी एकदा बोरकूट घेतले होते.

पन्नास पावलांची शंभर झाली, शंभराची दोनशे. पाऊस आला तेव्हा आप्पांनी शिकवणी बंद केली. ओल्या रिमवर रबर धरत नाही आणि वळणावरचा चिखल कोणाचा नातलग नसतो. नवरात्रात रस्ता कोरडा झाला. एका रविवारी सकाळी मी खिंडीच्या माथ्यावर पोचले आणि सायकलवरून उतरले नाही.

पहिल्या वळणाआधी दाबले, सोडले. दुसऱ्या वळणाआधी दाबले, सोडले. मग सरळ उतार आला. खाली घोटावड्याची शेते, पिवळी पडू लागलेली भाताची खाचरे. मी ब्रेक सोडले. कानांत वारा भरला, डोळ्यांतून पाणी आले, पदराऐवजी कुडत्याची टोके फडफडू लागली. पोटातला गोळा होताच. पण तो आता छातीकडे सरकला होता आणि तिथे तो गोळा राहिला नव्हता. ओरडावेसे वाटले. एक मराठीची प्राध्यापिका रविवारी सकाळी ओरडली, तर ऐकायला होते कोण? मी ओरडले. बांधावरचे दोन बगळे उडाले.

घरी आल्यावर कन्येने सायकलवरच्या मीटरमध्ये पाहिले. "अडतीस? बस्स?" टूर द फ्रान्सवाले शंभराच्याही वर जातात, हे तिने मला ऐकविले. मी रागावले नाही. अडतीसला मी तेहेतीस वर्षांनी पोचले होते.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला भाऊ बंगळूरहून आला. आईही आमच्याकडेच होती. सकाळी ह्यांची सायकल त्याला देऊन मी त्याला खिंडीत घेऊन गेले. माथ्यावर आम्ही दगडावर बसलो. मी डब्यातल्या करंज्या काढल्या. तो खाऊ लागला तेव्हा ते कोपर पुन्हा दिसले, आणि मी एका दमात सारे सांगून टाकले. रबर, पैसे, बोरकूट, 'बदललं' म्हणून बाबांना मारलेली थाप, सगळे. सांगून झाल्यावर मी खाली घोटावड्याकडे बघत राहिले.

तो करंजी खायचा थांबला होता.

"ताई, तू हे मला सांगते आहेस?"

"म्हणजे?"

"अगं, त्यातलं अर्धं बोरकूट मी खाल्लं होतं! शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून. तू म्हणालीस, 'आईला सांगू नकोस.' नाही सांगितलं." तो क्षणभर थांबला. "अजून नाही सांगितलं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. माझ्या आठवणीत त्या भिंतीवर मी एकटीच बसले होते. तेहेतीस वर्षे मी एकटीच बसले होते.

"आणि त्या उतारावर," तो म्हणाला, "'अजून जोरात, अजून जोरात' असं मागून कोण ओरडत होतं? तेही विसरलीस?"

तेही मी विसरले होते. मला फक्त लोखंडाचा आवाज आठवत होता.

"हात मोडला त्याचं काय एवढं," तो उठून सायकल उभी करीत म्हणाला, "सहा आठवडे शाळेला सुट्टी मिळाली. चल. ब्रेक तपासलेस ना?"

"काल नवं रबर बसवलंय. चारही."

"दाखव बघू. तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही."

त्याने खरोखरच वाकून चारही रबरे अंगठ्याने दाबून पाहिली. मग आम्ही निघालो. पहिल्या वळणाआधी मी दाबले, सोडले. सरळ उतारावर तो माझ्या मागे होता, आणि चाळिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप असलेला तो गृहस्थ वाऱ्यावर ओरडत होता, "अजून जोरात, ताई! अजून जोरात!"

घरी पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. ओवाळायची तयारी मांडून आई दारात उभी होती. आमचे लाल झालेले चेहरे तिने न्याहाळले.

"काय रे, सकाळपासून दोघं होतात कुठे?"

मी भावाकडे पाहिले. त्याने चपला काढता काढता अगदी गंभीरपणे सांगितले,

"ब्रेकचं रबर बदलायला गेलो होतो."